'पुअर' : एका विशेषणाची हकीकत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकात इंग्रजी विषयापुढे आम्ही 'पुअर' असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील ते पुस्तक घेऊन आले आणि संकोचाने म्हणाले, "सर, आम्ही गरीब आहोत हे खरे, पण ते पोराच्या पुस्तकात कशाला लिहिलेत?" येथे 'पुअर' म्हणजे 'अभ्यासात कच्चा', असे आम्ही त्यांना समजावले. ते गेले, परंतु आमचे समाधान झाले नाही. म्हणून या लहानशा शब्दाचा थोडा अभ्यास वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा शब्द मूळचा लॅटिन. 'ज्याच्याजवळ थोडे आहे तो' असा त्याचा मूळ भाव. फ्रेंच भाषेतून तो इ. स. १२०० च्या सुमारास इंग्रजीत आला. 'पॉपर', म्हणजे धर्मादायावर जगणारा, हा त्याचाच भाऊ. आज 'पुअर'चे मुख्य अर्थ तीन. पहिला निर्धन. दुसरा उणा किंवा निकृष्ट. जसे 'पुअर हेल्थ', 'पुअर सॉइल'. तिसरा कीव दाखविणारा. 'पुअर फेलो' म्हणजे बिचारा. विद्यार्थ्यांनी एक नियम ध्यानात ठेवावा. 'द पुअर' म्हणजे सर्व गरीब लोक. त्यापुढे क्रियापद अनेकवचनी येते. एका माणसाविषयी मात्र 'अ पुअर मॅन' असेच म्हणावे, नुसते 'अ पुअर' नव्हे.

ज्याच्याजवळ पैसा उणा, तो माणूसही उणा, असा घोटाळा या अर्थांच्या शेजारामुळे सहज होतो. इंग्लंडात १६९७ साली कायदा झाला की, सार्वजनिक मदत घेणाऱ्याने, त्याच्या बायकोने व मुलांनीही, उजव्या बाहीवर खांद्याशी तांबड्या किंवा निळ्या कापडाचे 'पी' हे अक्षर लावावे. तो बिल्ला १८१० साली कायद्यातून गेला. आमचा शेरा त्या बापाला तसाच बिल्ला वाटला असेल, तर दोष त्याचा नव्हे.

आता आपला 'गरीब' पाहा. हा शब्द अरबी. अरबीत त्याचा अर्थ 'परका, घरापासून दूर आलेला'. सूर्य मावळल्यावर आम्ही मगरिबची नमाज पढतो, तो 'मगरिब' याच धातूचा. परमुलखात माणसाला आधार नसतो, म्हणून फारसी-उर्दूत 'परका'चा 'निर्धन' झाला. मराठीने त्यात आपली भर घातली. 'मुलगी स्वभावाने गरीब आहे', 'गरीब गाय' असे आपण म्हणतो, तेव्हा पैशाचा प्रश्नच नसतो. सौम्यपणाचे ते कौतुक असते.

मूळ अर्थाने पाहिले, तर आपल्या इंदुरात गरीब कोण नव्हते? अठराव्या शतकात होळकरांबरोबर मराठी घराणी माळव्यात आली. पुढे कापडगिरण्यांत कामासाठी गावोगावची माणसे आली. कोणी आधी आले, कोणी मागून, एवढेच. आधी आलेल्याने मागून आलेल्याला हात द्यावा, हेच धर्मादाय संस्थेचे काम नव्हे काय?

म्हणून या महोत्सवाच्या निमित्ताने एक विनंती. शिष्यवृत्तीच्या जाहिरातीत आपण 'गरीब व होतकरू विद्यार्थी' असे लिहितो. त्यातला 'होतकरू' कधीही गाळू नये. पहिला शब्द आजची अडचण सांगतो, दुसरा उद्याची आशा. इंग्रजी अर्जात मात्र 'पुअर स्टूडंट' लिहू नये, कारण त्याचा अर्थ 'अभ्यासात कच्चा' असाही होतो. तेथे 'नीडी' म्हणजे गरजू हा शब्द बरा.

त्या मुलाच्या पुढच्या प्रगतिपुस्तकात आम्ही 'सराव हवा' एवढेच लिहिले. वडिलांनी त्याखाली सही करून पुस्तक मुलाबरोबर परत पाठविले. या वेळी ते स्वतः आले नाहीत.