अर्धांगवायूनंतर तोंडाची निगा

मागच्या अंकात आपण अर्धांगवायूची लक्षणे पाहिली. या वेळी रुग्ण घरी आल्यावर आपल्याकडून हमखास सुटणाऱ्या गोष्टीविषयी लिहिते, ती म्हणजे तोंड.

जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरचे आजोबा उजवी बाजू लुळी होऊन रुग्णालयातून घरी परतले. पहिल्या गृहभेटीत मी रक्तदाब मोजला, गोळ्या पाहिल्या, सुनेला कूस बदलायला शिकवले. तोंड मात्र उघडून पाहिले नाही. आठवड्याने निरोप आला की ताप आहे, छाती घरघरते. टॉर्च लावून पाहिले तर कवळी तशीच बसवलेली, तिच्याखाली आणि उजव्या गालात नागलीच्या भाकरीचा आंबलेला लगदा. सून म्हणाली, "सिस्टर, कवळी काढायची असते हे कुणी सांगितलंच नाही." ते सांगणे माझे काम होते. आजोबांना न्यूमोनियासाठी पुन्हा दाखल करावे लागले.

असे का होते? लुळ्या बाजूच्या गालाला घास अडकल्याचे कळत नाही आणि जीभही तो बाहेर काढू शकत नाही. तिथे जंतू वाढतात. गिळणे बिघडले असेल तर लाळेबरोबर ते फुफ्फुसात उतरतात. म्हणून प्रत्येक जेवणानंतर टॉर्चने गाल पाहावा, विशेषतः लुळ्या बाजूचा. रुग्णाला ताठ बसवून, मान किंचित पुढे झुकवून, मऊ ब्रश जेमतेम ओला करून दात, हिरड्या आणि जीभ पुसावी. ठसका लागणाऱ्याला चूळ भरायला लावू नये, तोंडात पाणी ओतू नये. बोटही घालू नये. नकळत जबडा मिटतो. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करू नये. "दातच नाहीत, धुवायचे काय?" असे घरोघरी ऐकते, पण जंतूंना दात लागत नाहीत. मिश्री लावणे मात्र बंदच करायला हवे.

कवळी रोज काढून साबण आणि साध्या पाण्याने ब्रशने घासावी. राखुंडीने चरे पडतात, उकळत्या पाण्याने आकार बिघडतो. धुताना खाली पाण्याचे घमेले ठेवावे, म्हणजे निसटली तरी फुटत नाही. रात्री ती पाण्याच्या भांड्यात ठेवावी, कोरडी नको. रुग्ण गुंगीत असताना कवळी कधीही बसवू नये. आजारपणानंतर ती सैल होऊ शकते. तेव्हा जबरदस्ती न करता दंतवैद्यांना दाखवावी. हिरडीवर पांढरे चट्टे किंवा जखम दिसली तरीही तेच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दात काढण्याआधी तसे जरूर सांगावे, पण गोळी आपल्या मनाने थांबवू नये.

आजोबा आता घरी आहेत. सुनेने ब्रशच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून दिली आहे, म्हणून डाव्या हाताची पकड बसते. घमेल्यात ओले फडके अंथरून त्यावर कवळी ठेवतात आणि स्वतःच घासतात. मागच्या भेटीत मी दारात पोहोचताच, न विचारता त्यांनी आ करून दाखवला.