वयोमान म्हणजे काय आणि काय नव्हे

"वयोमानाने होतेच" असे आपण सहज म्हणून जातो. म्हाताऱ्याला धाप लागली तर वय, मुलगी बुटकी राहिली तर घराण्याची ठेवण. खरोखर वयाचे काय आणि वयाच्या नावावर खपलेले काय, हे शेतकरी कुटुंबांनी पारखून घ्यावयास हवे. मुंबईच्या गिरणगावाशी ज्यांचा संबंध आला, त्या कोकणातील व घाटावरील घरांनी तर विशेषच.

भात पोटरीत असताना पाणी तुटले, तर मागाहून कितीही पाणी भरले तरी लोंबीत पळिंज राहतातच. मुलाच्या शरीराचेही असेच आहे. जन्मताना सुमारे ५० सेंटीमीटर असलेले मूल वर्षभरात साधारण ७५ सेंटीमीटरपर्यंत पोहोचते आणि त्याचे वजन तिप्पट होते. इतका वेग पुढे आयुष्यात कधीच येत नाही. दुसऱ्या वर्षाअखेर मेंदूची बरीचशी वाढ झालेली असते. या दोन वर्षांत मूल सारखे आजारी पडले किंवा सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न मिळाले नाही, तर राहिलेली तूट पुढे पुरती भरून निघत नाही. परळला बाई जेरबाई वाडिया यांच्या नावाचे मुलांचे रुग्णालय १९२९ मध्ये सुरू झाले. गावाकडून मुले घेऊन आईबाप तेथे येतात. पण तेथवर जाण्याची वाट न पाहता दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून घ्यावे. सलग दोन-तीन महिने वजन वाढले नाही, तर मूल हसरे दिसले तरी डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी मोठी वाढ वयात येताना होते. मुलींची वाढ बहुधा दहा ते बाराव्या वर्षी जोरात असते, मुलग्यांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. पाळी सुरू झाल्यावर मुलीची उंची साधारणपणे आणखी पाच-सात सेंटीमीटरच वाढते. म्हणजे ज्या वयात तिला सर्वांत जास्त अन्न लागते, त्याच वयात आपल्याकडे ती सर्वांना वाढून उरलेले जेवते. बाप मुंबईत खानावळीत जेवणार, गावी आई शेतात राबणार आणि धाकट्या भावंडांना ही मुलगी सांभाळणार, अशा कित्येक घरांत हेच घडत आले. तिच्या ताटात डाळ, पालेभाजी, जमल्यास अंडे किंवा सुकी मासळी आधी पडावी. नाचणी तर कोकणात घरचीच आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिशीपर्यंत हाडांत जेवढा साठा होतो, त्यावरच पुढचे आयुष्य काढायचे असते. पाळी थांबल्यावर काही वर्षे बाईची हाडे झपाट्याने झिजतात, तेव्हा हा साठा कामी येतो.

तिशीनंतर स्नायू हळूहळू उतरणीस लागतात. चाळिशीच्या पुढे डोळ्यांतील भिंग कडक होते आणि सुईत दोरा ओवता येत नाही. उतारवयात तहानेची जाणीवही कमी होते, म्हणून उन्हात काम करणाऱ्या वृद्धांनी तहान लागली नाही तरी पाणी प्यावे. हे बदल वयाचेच आहेत. मात्र उतरणीचा वेग पुष्कळ अंशी वापरावर ठरतो. दादरच्या शिवाजी पार्कवर श्री समर्थ व्यायाम मंदिर ही १९२५ साली स्थापन झालेली संस्था आहे. तेथे मुलांप्रमाणेच उतारवयातील स्त्रीपुरुषांनीही मल्लखांबाचा सराव केला आहे. प्रत्येकाने मल्लखांब करावा असे नाही. पण साठीनंतर सगळी कामे सोडून ओटीवर बसणे म्हणजे विश्रांती, ही समजूत चुकीची आहे.

आता धापेविषयी. छातीची ताकद विशी-पंचविशीत भरास येते व नंतर दरवर्षी थोडी कमी होते. ही घट इतकी सावकाश असते की बिडी न ओढणाऱ्या, धडधाकट माणसाला साठीतही चाळीचे दोन जिने चढताना थांबावे लागू नये. परंतु गिरणीच्या ब्लो रूममध्ये आणि कार्डिंग खात्यात कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जाते. त्यातून बिसिनोसिस हा रोग होतो. त्याची खूण अशी, की रविवारच्या सुटीनंतर सोमवारी कामावर गेल्यावर छाती आवळल्यासारखी वाटते. पुढे ती रोजच आवळते, आणि अखेरीस काम सुटले तरी धाप सुटत नाही. बिडी ओढणाऱ्यास त्रास अधिक. कामगार विम्याच्या कायद्यात हा व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर हजारो कामगार गावी परतले. तेव्हा तिशीत असलेले आज सत्तरीपुढे आहेत. गावी मळणीची धूळ आणि बुरशी आलेल्या पेंढ्याची भुकटी त्याच छातीत जाते. पेंढा हलवण्यापूर्वी त्यावर थोडे पाणी शिंपडावे, वारा पाठीकडून घ्यावा, तोंडावर मास्क लावावा. अशा घरातील वडीलधाऱ्यांना धाप लागत असेल तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नये. फुंकर मारून श्वास मोजण्याची साधी तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा परळच्या के. ई. एम. सारख्या मोठ्या रुग्णालयात करून घ्यावी. जाताना कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात, किती वर्षे काम केले हे कागदावर लिहून न्यावे, कारण डॉक्टर विचारतीलच असे नाही.