वाढणाऱ्या हाताचं देणं

कोगनोळी

चि. बाळास,


परवा फोनवर तू विचारलंस, हॉटेलात टीप द्यायची की नाही, आणि द्यायची तर किती. खोलीतला एक मित्र म्हणतो, पगार मालक देतो, आपण कशाला द्यायचं. दुसरा न चुकता बिलाच्या दहा टक्के ठेवतो. तू दोघांच्या मध्ये अवघडून बसतोस. फोनवर बोलून हे उरकलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. द्यायची. जिथे कुणी स्वतःच्या हातांनी तुझं काम करतं आणि त्याला पगार तुटपुंजा आहे हे दिसतं, तिथे द्यायची. मात्र आपण दहा-वीस रुपये दिले म्हणजे त्याच्या मजुरीचा प्रश्न मिटला, असं मनाला सांगायचं नाही. तुझा पहिला मित्र मजुरीचं बोलतो आणि हात आखडता घेतो. दुसरा हात सैल सोडतो आणि मजुरीचं नाव काढत नाही. तू दोन्ही धर.

तुझ्या मामांची खानावळ हायवेला होती, तेव्हा तू लहान होतास. पुणे-बेंगळूर रस्त्यावरचे ट्रकवाले, निपाणीला तंबाखूच्या व्यवहारासाठी येणारे व्यापारी, कोल्हापूरला दवाखान्यात निघालेली माणसं, सगळी तिथे जेवायची. बिल बशीतून जायचं, सोबत बडीशेप. गिऱ्हाईक नोट ठेवायचं, सुट्टे परत यायचे, आणि उठताना त्यातली काही नाणी बशीतच राहायची. ती वाढप्याची. हा कुणी न लिहिलेला करार सगळ्यांना ठाऊक होता.

पण आत, चुलीपुढे, भाकऱ्या थापणाऱ्या बायका असायच्या. गावातल्याच. जेवणाची गर्दी सुरू झाली की तव्यावरून हात निघायचा नाही. मागच्या बाजूला भांडी घासणारी मावशी असायची, तिचे पाय दिवसभर ओल्यात. गिऱ्हाईक खूश व्हायचं ते भाकरीवर. भाकरी गरम, पातळ, पापुद्रा सुटलेली, म्हणून जिभेला बरं वाटायचं. पैसे मात्र जायचे ज्याने ताट आणून ठेवलं त्याच्या खिशात, कारण तोच दिसायचा. मामांनी मग गल्ल्याशेजारी पत्र्याचा एक डबा ठेवला. बशीतलं सगळं त्यात पडायचं, आठवड्याला डबा सगळ्यांसमोर उघडायचा आणि पैसे आतल्या बायकांसकट वाटले जायचे. वाढपी पोरं सुरुवातीला चिडली. आम्ही धावतो, आम्ही गोड बोलतो, म्हणून गिऱ्हाईक देतं, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. मामा एवढंच म्हणाले, की भाकरी करपली तर शिव्याही तुम्हालाच बसतात, तेव्हा आतलीला चांगलं ठेवणं तुमच्याच फायद्याचं. डबा टिकला. मामा त्या डब्याकडे बोट दाखवून कुणाचा पगार मात्र कमी करायचे नाहीत, आणि मला तीच त्यातली मोठी गोष्ट वाटते.

म्हणून तुला पहिलं काम सांगते. नेहमी जातोस त्या मेसमध्ये किंवा हॉटेलात एकदा सरळ विचार, टीप सगळ्यांत वाटतात का. वाटत असतील तर डब्यात टाक. नसतील तर कधीमधी आतल्या माणसासाठी वेगळी नोट दे आणि नाव घेऊन सांग, ही भाकरीवालीची.

आता नाणी राहिली नाहीत. बिल एकशे त्र्याऐंशी झालं की फोनवरून नेमके एकशे त्र्याऐंशी जातात. टोलनाक्यावर जसा फास्टॅगने हात खिडकीबाहेर काढायचा थांबला, तसाच हॉटेलातला हातही थांबला. लोक कंजूष झाले असं मी म्हणणार नाही, पण पूर्वी विचार न करता जे मागे राहायचं, ते आता आठवणीने द्यावं लागतं. खिशात दहा-वीसच्या नोटा ठेवत जा. कार्डावर किंवा फोनवर बिलात टीप जोडायला सांगितली, तर ती आधी मालकाच्या खात्यात जाते. पोरांपर्यंत पोचते का, हे विचारल्याशिवाय जोडू नकोस. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये एका मोठ्या हॉटेल कंपनीच्या प्राप्तिकराच्या खटल्यात सांगितलं आहे की कार्डावरून आलेली टीप हॉटेलने कामगारांना वाटली तरी तो मालकाने दिलेला पगार होत नाही, ते गिऱ्हाइकाचं देणं. निकाल कराचा होता, पण मला त्यात मजुरीचा अर्थ दिसतो. जे मालकाने दिलंच नाही, ते त्याने पगारात धरू नये.

किती द्यायचं, याला कायदा नाही. साध्या खानावळीत दोनशेच्या आत बिल असेल तर दहा-वीस रुपये पुरे. बसून निवांत जेवलास, बिल हजाराच्या घरात गेलं, तर पाच ते दहा टक्के. चहाच्या टपरीवर काही नको, तिथे मालकच चहा गाळतो. त्याचं उधार वेळेवर भाग, त्यातच त्याचा मान आहे. तुझा पगार अजून बेताचा आहे, घरी पैसे पाठवतोस. जमत नसेल त्या दिवशी देऊ नकोस, पण मग ताट खरकटं विस्कटून उठू नकोस आणि नीट आभार मान. कर्ज काढून दिलदारी कुणी मागितलेली नाही.

बिलात 'सर्व्हिस चार्ज' म्हणून आकडा दिसला तर घाबरू नकोस. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये हॉटेलांना सांगितलं की तो आपोआप बिलात घालायचा नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. जीएसटी सरकारचा, तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक. काढायला सांगायचं ते मॅनेजरला, शांतपणे. वाढप्यावर आवाज चढवायचा नाही, बिल त्याने बनवलेलं नसतं. आणि चार्ज काढून घेतलास की वाचलेल्यातलं थोडं त्या वाढप्याच्या हातात दे.

आता थोडं मागे जाते, कारण तुझ्या पहिल्या मित्राच्या बोलण्यात एक खरं दुखणं आहे. आपल्या भागात पूर्वी खळ्यावर बलुतं द्यायचे. सुतार, लोहार, न्हावी, परीट यांनी वर्षभर राबायचं आणि सुगीला शेतकऱ्याने धान्य घालायचं. त्यात आपुलकी होती असं जुनी माणसं सांगायची, काही घरांत ती असेलही. पण सूप भरून द्यायचं की अर्धं, हे देणाऱ्याच्या मनावर. आणि सगळ्यांत खाली ढकललेल्या माणसाचे हाल तर विचारू नकोस. वतनदार महाराने दिवसा-रात्री केव्हाही हाक आली की सरकारचं आणि गावकीचं काम करायचं, आणि बदल्यात तुकडाभर इनाम जमीन व दारोदार मागून आणलेलं धान्य. एप्रिल 1925 मध्ये आपल्या निपाणीत बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली, बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. पुढे 1928 मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचा कायदा बदलायला विधेयक आणलं. कामाचा मोबदला ठरलेला हवा, कुणाच्या मर्जीवर नको, हे त्यामागचं म्हणणं.

त्याच 1925 साली अमेरिकेत रेल्वेच्या शयनडब्यांतल्या पोर्टर लोकांनी संघटना काढली. पुलमन कंपनीचे हे नोकर बहुतेक सगळे काळे. प्रवासी टीप देतात, या भरवशावर कंपनी त्यांचे पगार कमी ठेवायची. कंपनीच्या संस्थापकाचं नाव जॉर्ज, म्हणून प्रवासी प्रत्येकाला 'जॉर्ज' म्हणूनच हाक मारायचे. स्वतःचं नावसुद्धा त्यांच्याकडे राहू दिलं नव्हतं. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारीपणाखाली ते बारा वर्षं झगडले आणि 1937 मध्ये कंपनीकडून करार घेतला. तरी त्या देशाच्या केंद्रीय कायद्यात टीपवर जगणाऱ्याला मालकाने द्यायचा किमान पगार 1991 पासून तासाला 2.13 डॉलरच आहे. काही राज्यांनी आपापले दर वाढवले, पण बाकीच्या राज्यांत गिऱ्हाइकाने टीप बुडवली तर वाढणाऱ्याचं घरभाडं अडतं. आपल्याकडे ती पाळी येऊ नये असं मला फार वाटतं. निपाणीच्या वखारींत तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या बायका संघटित झाल्या, त्यांच्या लढ्यावर दीपा धनराज आणि 'युगांतर'च्या मैत्रिणींनी 1982 मध्ये माहितीपट केला. त्या बायका दिवाळीची पोस्त वाढवा म्हणून उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांना मजुरी हवी होती.

मग आत्ती टीप द्या म्हणते ती का, असं विचारशील. कारण मजुरी वाढेपर्यंत ज्या पोराच्या पायांवर तुझं जेवण तुझ्यापर्यंत येतं, त्याला आज संध्याकाळी घरी काहीतरी न्यायचं असतं. तू तत्त्व म्हणून दिलं नाहीस तर मालकाला कळतसुद्धा नाही. कळतं फक्त त्या पोराला.

देण्याची रीत मात्र सांभाळ. आपल्याच मुलखात माणसाच्या हाताला हात लागू नये म्हणून पैसे वरून टाकायचे, पाणी वरून ओतायचे, ते फार जुनं झालेलं नाही. पलीकडे कागल. तिथल्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर गेलेल्या शाहू महाराजांनी, पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेंना कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढायला मदत केली, आणि स्वतः तिथे जाऊन सगळ्यांदेखत चहा घेतला. राजाने नुसते पैसे पाठवले असते तर ते दान झालं असतं. तो चहा प्यायला, म्हणून गावाला उत्तर मिळालं. तू पैसे टेबलावर फेकू नकोस, बिलाखाली लपवूही नकोस. हातात दे, डोळ्यांकडे बघ. 'ए पोऱ्या' म्हणून हाक मारू नकोस. तुझ्या बेंगळुरात 'अण्णा', 'अक्का' हे शब्द सगळीकडे चालतात, आणि आपण सीमेवरची माणसं, आपल्याला ते परके नाहीत. पैसे दिलेस म्हणून त्याने जास्त हसावं, अशी अपेक्षा ठेवू नकोस.

कुठे द्यायचं नाही, तेही ऐक. ज्याच्या हातात तुझं काम अडवायची ताकद आहे, त्याला नाही. चेकपोस्टवरचा, कचेरीतला, दाखला देणारा 'चहापाणी' म्हणतो, ती लाच. 2018 च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार करायची असते. गॅस सिलिंडर घरी आणून द्यायचा खर्च किमतीतच धरलेला असतो, वर पन्नास मागितले तर तो हक्क नव्हे. पाच मजले जिना चढून आणला आणि न मागता तू दिलेस, तर ती तुझी खुशी. टॅक्सीच्या अॅपवर गाडी येण्याआधीच टीप मागितली, तर तेही मला पटत नाही. काम होण्याआधी घेतात त्याला बोली म्हणतात. मे 2025 मध्ये अशा आगाऊ टीपवरून एका कंपनीला नोटीस गेली, तेव्हा आपल्या धारवाडचेच खासदार प्रल्हाद जोशी ग्राहक खात्याचे मंत्री होते.

हॉटेलात टेबल पुसायला चौदा वर्षांच्या आतलं लेकरू दिसलं, तर त्याच्या हातात नोट ठेवून तुझ्या मनाचं समाधान करू नकोस. ढाब्यांवर आणि हॉटेलांत त्या वयाच्या मुलांना कामाला ठेवायला ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. बाहेर येऊन 1098 ला फोन कर. यात भिडस्तपणा नको.

पावसात जेवण घेऊन येणाऱ्या पोरांना न चुकता देत जा. त्यांना पगार नाही, खेपेवर पैसे. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं. कर्नाटकाने 2025 मध्ये त्यांच्यासाठी कायदा केला. प्रत्येक व्यवहारात कामगाराला मिळणाऱ्या रकमेच्या एक ते पाच टक्के इतका निधी कंपन्यांनी कल्याण मंडळाकडे भरायचा आहे. त्या पोरांशी बोलताना नोंदणी केली का, एवढं विचार. कित्येकांना कायदा झाल्याचं कुणी सांगितलेलं नसतं, आणि तुला कन्नड येतं.

एक काम सोपवते. तुझ्या ऑफिसात सफाईला येणाऱ्या बायका आणि दारावरचे रखवालदार कंत्राटी असणार. दिवाळीला तुम्ही सगळे मिळून वर्गणी काढून त्यांना पाकीट देता, असं तू म्हणालास. ते देत राहा. पण कायद्याप्रमाणे किमान 8.33 टक्के बोनस कंत्राटदाराच्या माणसांनाही लागू होतो, तो त्यांना मिळतो का, आणि पीएफचा आकडा त्यांच्या फोनवर येतो का, हे त्यांना विचार. मिळत नसेल तर तुम्ही शिकलेली पोरं मिळून एचआरला लेखी विचारा. काय उत्तर आलं ते मला कळव.

मामांचा गुडघा आता बरा आहे. येताना फार काही आणू नकोस.

तुझी,
आत्ती