पॅडल ओढायची घाई कशाला?

प्रश्न : माझी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आहे. ऑटोमॅटिक, स्टिअरिंगमागे पॅडल असलेली. पुण्यात इंजिनच्या कॉम्प्युटरचं रीमॅप करून घेतलं, एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलला. करून देणारा म्हणतो, टॉर्क आता ३००च्या पुढे गेला. मित्रांबरोबर चेन्नईच्या ट्रॅकवर पहिल्यांदाच जायचं ठरतंय. मॅन्युअलवाले मित्र चिडवतात, की तुझी गाडी म्हणजे लेडीज सायकल. पॅडलने गिअर टाकले तर ती मॅन्युअलसारखी होते का? आणि गिअरबॉक्स टिकेल का?
– एक वाचक, टेंभुर्णी

उत्तर : आधी मित्रांचं बघू. पॅडलचा जन्म शर्यतीतलाच आहे. १९८९ साली फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये ६४० नावाची गाडी उतरवली. तिचा रचनाकार जॉन बार्नार्ड. गिअरचा दांडा आणि त्याच्या सळ्या काढून टाकल्या तर चालकाची बसायची जागा अरुंद करता येईल, हा त्याचा हिशेब होता. म्हणून गिअर स्टिअरिंगमागे आले. पहिलीच शर्यत ब्राझीलमध्ये रिओला होती. गाडी शेवटपर्यंत टिकेल असा भरवसा खुद्द फेरारीच्या लोकांनाही नव्हता, आणि नायजेल मॅन्सेलने ती जिंकून दाखवली. पुढे त्या हंगामात हाच गिअरबॉक्स वारंवार रुसला, ती गोष्ट वेगळी. पण १९९५ संपलं आणि फॉर्म्युला वनमधून हाताने गिअर टाकणारी गाडी कायमची गेली. हे मित्रांना सांगा, लेडीज सायकलचं उत्तर आपोआप मिळेल.

आता तुमचा खरा प्रश्न. मॅन्युअलसारखी होते का? नाही होत. तुमच्या गाडीतलं पॅडल म्हणजे दारावरच्या बेलचं बटण. ते दाबलं की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला निरोप जातो, एवढंच. दार उघडायचं की नाही ते आतला ठरवतो. १४० च्या वेगात तुम्ही सटासट डावं पॅडल ओढून दुसरा गिअर मागितलात तर तो देणार नाही, कारण इंजिन लाल रेषेच्या पार जाईल. उलट वर जाताना तुम्ही विसरलात, तर तो बहुधा स्वतःच पुढचा गिअर टाकून मोकळा होईल. मॅन्युअलमध्ये चुकीचा गिअर बसू शकतो आणि इंजिनची वाट लागू शकते. तुमच्याकडे ती सोय नाही, आणि नाही तेच बरं.

तुमचा बॉक्स सात गिअरचा, दोन क्लचचा आहे. १, ३, ५, ७ एका क्लचवर, २, ४, ६ दुसऱ्यावर. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आत तयार बसलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, झालं. वरचा गिअर टाकण्यात मॅन्युअलवाला मित्र तुमच्या जवळपासही येणार नाही.

टिकेल का, हा प्रश्न मात्र तुम्ही रीमॅपच्या आधी विचारायला हवा होता. डीक्यू २०० असं या बॉक्सचं नाव. त्याचे क्लच कोरडे असतात, म्हणजे तेलात बुडलेले नसतात. कंपनीने त्याची ताकद धरली आहे २५० न्यूटन मीटर. तुमच्या दीड लिटर इंजिनचा मूळ टॉर्क किती? बरोबर २५०. हा योगायोग नव्हे. गाडी कारखान्यातून निघतानाच गिअरबॉक्सच्या काठोकाठ भरलेली आहे. त्यात तुम्ही आणखी ओतलंत. एका बैलाच्या छकड्यावर दीडपट ऊस रचावा तसं. ओढेल तो, रोज ओढेलही काही दिवस. पण चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा काटा वर चढतोय आणि गाडी तेवढी खेचत नाही असं जाणवलं, तर क्लच घसरतोय असं समजा आणि तिथेच थांबा. माझं ऐकाल तर ट्रॅकच्या दिवसापुरतं मूळ ट्यून परत टाकून घ्या. बहुतेक रीमॅपवाले ते करून देतात. पहिल्या दिवशी १५० पीएस तुम्हाला भरपूर होतील. वळणात तेवढेही वापरता येत नाहीत, हे तिसऱ्या फेरीत कळतं.

या कोरड्या क्लचबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. लोकांना वाटतं, ट्रॅकच्या वेगाने तो जळतो. वेगात क्लच पूर्ण मिटलेला असतो, तेव्हा तो फारसा तापत नाही. तापतो तो अर्धवट मिटलेला असताना, म्हणजे गाडी रांगताना. आषाढीला टेंभुर्णी-पंढरपूर रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत दोन-दोन फूट सरकणं हे त्याच्यासाठी ट्रॅकपेक्षा अवघड काम. म्हणून ट्रॅकवरसुद्धा पिटच्या रांगेत ब्रेक हलकासा सोडून गाडी सरकवत राहू नका. पुढे अंतर पडू द्या, मग एकदाच जा. आणि मित्रांना दाखवायला म्हणून ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबून उडी मारायचा खेळ अजिबात नको.

तुम्ही ब्रेकबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. पहिल्यांदा ट्रॅकवर जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या पत्रात हीच जागा कोरी असते. साधा हिशेब करा. गाडी आणि तुम्ही मिळून १३५० किलो धरा. १६० वरून ६० वर आलात की सुमारे साडेअकरा लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी, आणि तिचा मोठा भाग ब्रेकमध्ये जातो. एवढ्या उष्णतेत साडेतीन लिटर पाण्याला उकळी फुटते. हे एका ब्रेकिंगचं. चेन्नईच्या तुमच्या ट्रॅकची, म्हणजे मद्रास इंटरनॅशनल सर्किटची फेरी ३.७१७ किलोमीटरची, वळणं १२. एका फेरीत असं जोराचं ब्रेकिंग किती वेळा आणि एका सत्रात किती फेऱ्या, ते तुम्हीच मोजा.

ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. आपण ऑइल म्हणतो खरं, पण हे द्रव हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १५५ वर येतो. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि ब्रेकचं पेडल स्पंजासारखं थेट खाली जातं. त्या क्षणी पॅडल, रीमॅप, सायलेन्सर कशाचाही उपयोग नसतो. म्हणून निघायच्या आठवड्यात ब्रेक ऑइल पूर्ण बदला, डॉट ४ किंवा डॉट ५.१. पॅड निम्म्याहून कमी राहिले असतील तर नवे घाला आणि टेंभुर्णी-सोलापूर फेरी मारून ते रुळवून घ्या. सायलेन्सरच्या निम्म्या पैशात हे सगळं होतं. आवाज येत नाही, हाच त्याचा दोष.

ट्रॅकवर पहिलं सत्र डी किंवा एस मध्येच काढा. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे पुढच्या वळणावर. कुठे ब्रेक, कुठे वळण, मार्शल कुठे उभे आहेत, एवढं पाठ झालं तरी पुष्कळ. पिवळा झेंडा दिसला की हळू आणि ओव्हरटेक बंद. लाल दिसला की सत्र थांबलं, शांतपणे पिटमध्ये. दुसऱ्या सत्रात पॅडल वापरा, पण सरळ रेषेत ब्रेक लावतानाच. ते स्टिअरिंगबरोबर फिरतं, त्यामुळे वळणात मध्येच उजवं कुठलं आणि डावं कुठलं याचा गोंधळ होतो. ब्रेक आधी, वेग उतरला की गिअर. उलट केलंत तर कॉम्प्युटर अर्ज नामंजूर करतो आणि तुम्ही दुसऱ्यांदा पॅडल ओढत बसता, तोवर वळण येऊन ठेपतं.

शेवटची फेरी ब्रेक न लावता सावकाश काढा. पळून आलेल्या खोंडाला आपण लगेच दावणीला बांधत नाही, तसंच. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गरम ड्रमला लायनर चिकटतात. गाडी पी मध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

कागदांचंही बघा. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेग चाचणी वगळलेली असते. विमा कंपनीला आधी विचारा आणि ट्रॅकवरचं नुकसान स्वतःच्या खिशातून भरायची तयारी ठेवा. मूळ रचनेशी न जुळणारे बदल करून गाडी रस्त्यावर आणणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ खाली गुन्हा आहे, दर बदलाला ५००० रुपये दंड. आणि ‘ट्रॅकच्या आधी जरा सराव’ म्हणून रात्री पुणे-सोलापूर हायवेवर मित्रांशी लावायचा विचार असेल तर कलम १८९ वाचून ठेवा. कायद्याचं सोडा, गाळपाच्या दिवसांत मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात किती उशिरा दिसते, हे टेंभुर्णीकराला मी काय सांगणार.

प्रश्न : माझी होंडा सिटी सीव्हीटी आहे, तिलाही पॅडल आहेत. मग त्यात गिअर आहेत की नाहीत?
– एक वाचक, कुर्डुवाडी

उत्तर : नाहीत. दोन पुली आणि त्यांच्यामधला धातूचा पट्टा, एवढाच मामला. पुलींचा व्यास सतत बदलतो, त्यामुळे ‘तिसरा गिअर’ अशी वस्तू आत नसते. पॅडल ओढल्यावर कॉम्प्युटर ठरावीक जागी पुली अडवून धरतो आणि आपल्याला गिअर बदलल्यासारखं वाटतं. घाट उतरताना इंजिनचा ब्रेक मिळतो, तेवढ्यासाठी पॅडल जरूर वापरा.

प्रश्न : (पुन्हा टेंभुर्णीचेच वाचक) डॅशबोर्डवर विठ्ठलाची छोटी मूर्ती चिकटवलेली आहे. ट्रॅकवर जाताना ती काढावी लागेल का? आई नको म्हणते.

उत्तर : काढावी लागेल. तपासणीला आलेला माणूस आधी सुट्या वस्तूच बघतो. दुहेरी टेप चेन्नईच्या उन्हात मऊ होतो, आणि जोराच्या ब्रेकला सुटलेली वस्तू कुठे जाईल याचा नेम नसतो. पायाखालची मॅट, दारातली पाण्याची बाटली, डिकीतला जॅक आणि स्टेपनी हेसुद्धा उतरवा. बाटली घरंगळून ब्रेक पेडलखाली गेली तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. मूर्ती स्वच्छ रुमालात गुंडाळून हेल्मेटच्या पिशवीत ठेवा. आईंना सांगा, पांडुरंग पिटमध्ये उभा होता. परतीचे हजारएक किलोमीटर चालवायचे आहेत, तेव्हा निघताना नव्या टेपने त्याला जागेवर बसवा.