दोन नगरांमधील अंतर आणि काळ

फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकिओ यांच्यामध्ये किती अंतर आहे? भिंतीवरच्या सपाट नकाशावर या दोन नगरांना जोडणारी सरळ रेषा काढली तर ती मध्य आशियावरून जाते. हाच सर्वांत जवळचा मार्ग असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पृथ्वी गोल असल्यामुळे सपाट कागदावरची सरळ रेषा येथे फसवी ठरते. पृथ्वीगोलावर या दोन बिंदूंमध्ये एक दोरा ताणून धरावा. तो उत्तरेकडे झुकून थेट आर्क्टिक वृत्ताच्या आसपास पोहोचतो आणि सायबेरियावरून जपानकडे उतरतो. या मार्गाला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात.

या कंसाची लांबी काढणे कठीण नाही. पृथ्वीचा परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजेच पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या एका अंशाच्या कोनास सुमारे १११ किलोमीटर अंतर पडते. हेलसिंकी व टोकिओ यांच्यामधील हा कोन सुमारे ७० अंशांचा आहे. त्यावरून अंतर ७,८०० किलोमीटरच्या जवळपास येते. ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला, उड्डाण व अवतरण यांचा वेळ धरून, साडेनऊ तासांच्या आसपास लागावेत.

प्रत्यक्षात मात्र हे गणित नेहमीच असे सुटत नाही. एक तर, उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला साहाय्य करतात आणि परतणाऱ्याला अडवतात. दुसरे कारण माणसांनी निर्माण केलेले आहे. १९८३ साली फिनलंडच्या विमानकंपनीने टोकिओस विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा सोव्हिएत संघाची हद्द टाळण्यासाठी विमान उत्तर ध्रुवाच्या बाजूने आणि बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून नेले जाई. या प्रवासास सुमारे तेरा तास लागत. पुढे सायबेरियावरचा मार्ग खुला होत गेला आणि तेच अंतर साडेनऊ तासांवर आले. हेलसिंकीला आशियाचे जवळचे द्वार म्हणून जे महत्त्व लाभले, ते या मार्गामुळेच.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय संघ आणि रशिया यांनी परस्परांच्या विमानांना आपापली हवाई हद्द बंद केली. तेव्हा एक तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून मध्य आशियामार्गे वळसा घालणे भाग पडले आणि प्रवास पुन्हा तेरा तासांच्या घरात गेला. वळसा लांबला म्हणजे अधिक इंधन न्यावे लागते. त्या वजनाच्या प्रमाणात माल कमी करावा लागतो आणि खर्च वाढतो.

वेळापत्रक वाचताना आणखी एक सावधगिरी बाळगावी. हिवाळ्यात टोकिओचे घड्याळ हेलसिंकीच्या सात तास पुढे असते. हेलसिंकीहून सायंकाळी साडेपाचला निघालेले विमान तेरा तासांनी उतरले, तर टोकिओत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे दीड वाजलेले असतात. नुसती वजाबाकी केली तर प्रवास वीस तासांचा भासेल. उलट, परतीच्या तेवढ्याच प्रवासाला सहाच तास लागल्याचे दिसेल.

१९८३ पासून ही दोन्ही नगरे तसूभरही हललेली नाहीत. तरीही त्यांच्यामधील प्रवास तेरा तासांवरून साडेनऊवर आला आणि पुन्हा तेरावर गेला. अंतर पृथ्वीगोलावर मोजता येते. पण प्रवासाचा काळ जाणून घ्यावयाचा तर वाटेतल्या राष्ट्रांचे परस्परसंबंधही पाहावे लागतात.