वाळवंटातले लेकरू आणि शाळेचा दाखला

नाथमहाराजांच्या चरित्रातील एक प्रसंग आपण कीर्तनात अनेकदा ऐकतो. पैठणच्या गोदावरीकाठी, भर दुपारी, तापलेल्या वाळूत एक लेकरू रडत होते. ते कोणाचे, कोणत्या जातीचे, हे न विचारता नाथांनी त्याला उचलून कडेवर घेतले आणि त्याच्या घरी पोचवले. कथा ऐकून आपण माना डोलावतो. पण ते वाळवंट आज कुठे आहे, हे कोणी विचारतो का?

ते ठाण्याच्या तीन हात नाक्यावर आहे. ते कल्याण जंक्शनच्या फलाटावर आणि डोंबिवलीच्या पुलाखालीही आहे. तिथे डांबर तापते आणि लेकरू अनवाणी फुले विकते, गाडीची काच पुसते, हात पसरते.

कोणी म्हणेल, "आम्ही रुपया-दोन रुपये टाकतोच की!" दया खरी, पण परिणाम पाहावा. मूल शाळेच्या वेळेत कमावू लागले की घर त्याच्या मिळकतीवर चालते, आणि मग त्याला शाळेत कोण धाडणार? आपले नाणे त्याला सिग्नललाच बांधून ठेवते. नाथांनी लेकरापुढे पैसा टाकला नाही, त्याला उचलले. उचलणे म्हणजे काय, हे समजून घेणे हाच आजचा पाठ.

ठाणे महानगरपालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली सिग्नल शाळा उभी केली. तिथली बरीच कुटुंबे मराठवाड्यातून दुष्काळाने आलेली, पारधी समाजाची. मूल शाळेपर्यंत येत नाही, तर शाळाच मुलापर्यंत न्यावी, असा साधा विचार. कंटेनरमध्ये वर्ग भरवले. आधी आंघोळ आणि पोटाला अन्न, मग पाटी. घरची बोली निराळी, म्हणून मराठीही हळूहळू शिकवावी लागते. या शाळेतून मुले दहावी उत्तीर्ण झाली. फलाटावर उतरलेल्या, घर सोडून आलेल्या मुलांना पुन्हा घरी पोचवण्याचे काम समतोल फाउंडेशन करते.

हे काम आपल्या परंपरेला नवे नाही. गाडगेबाबा (१८७६–१९५६) स्वतः शाळेत गेले नाहीत, पण कीर्तनात उभे राहिले की पोराला शिकवा म्हणून सांगत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. त्यांच्या नावाच्या मिशनने पुढे आश्रमशाळा आणि वसतिगृहे चालवली.

आता दाखल्याची गोष्ट. ज्ञानोबा आणि त्यांची भावंडे पोरकी झाली, तेव्हा त्यांना शुद्धिपत्र आणा म्हणून पैठणास धाडले. कागदावाचून लेकरांना दारात उभे करायचे नाही, ही रीत तेव्हापासूनची. आज कायदा मात्र लेकराच्या बाजूने आहे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील चार गोष्टी प्रत्येक माळकऱ्याने ध्यानात ठेवाव्यात :

१. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षण मोफत.
२. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.
३. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी नवी शाळा अडवू शकत नाही.
४. कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही वयाप्रमाणे वर्गात बसवायचे, आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला खास शिकवणी द्यायची.

मग आपण काय करायचं? हरिपाठ मंडळाने आपल्या भागातली अशी मुले हेरावीत. आईबापांशी गोडीने बोलावे. दटावू नये, कारण पोटाची चिंता त्यांनाही आहे. त्यांना सोबत घेऊन जवळच्या पालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटावे. प्रवेश झाला म्हणजे काम संपले असे नाही, खरी परीक्षा हजेरीची. दर आठवड्याला कोणीतरी विचारपूस करावी, भजनाआधी तासभर देवळात वाचन घ्यावे. एकटे, हरवलेले मूल दिसले तर परस्पर घरी नेऊ नये, १०९८ या क्रमांकावर कळवावे.

कोणी शंका काढील, "हे समाजकार्य झाले, यात भक्ती कुठे?" अहो, पायी वारीत आपण एकमेकांना माऊली म्हणतो, एकमेकांच्या पाया पडतो. तो भाव चंद्रभागेतीरीच ठेवून यायचा असेल, तर वारी नुसती पायपीट ठरेल. सिग्नलवरच्या लेकरातही तीच माऊली आहे. एका मंडळाने वर्षात एक मूल शाळेत टिकवले, तरी ती सेवा पांडुरंगास पावेल.

रामकृष्णहरि.