आम्ही तुझे आभार मानतो

तुम्ही शाळेत हम्द म्हणता. हम्द म्हणजे ईश्वराची स्तुती. ख्रिस्ती लोकांच्या सामुदायिक प्रार्थनेतही ईश्वराच्या स्तुतीला मोठे स्थान आहे.

नागपुरात अनेक चर्च आहेत. रविवारी लोक तेथे एकत्र जमतात. प्रार्थनेत मागणे असतेच. पण बहुधा त्याआधी स्तुती होते आणि आभार मानले जातात. ईश्वर किती थोर आहे हे आठवणे म्हणजे स्तुती. त्याने आपल्याला काय काय दिले हे आठवणे म्हणजे आभार. पाऊस, अन्न, आरोग्य, सोबती अशा रोजच्या गोष्टींसाठीही आभार मानतात. शेवटी सगळे 'आमेन' म्हणतात. 'आमेन' आणि तुमचे 'आमीन' ही एकाच शब्दाची रूपे आहेत.

स्तुतीची गीते फार जुनी आहेत. ज्याला तुम्ही 'जबूर' म्हणता, ती दाऊदची गीते मराठी बायबलमध्ये 'स्तोत्रसंहिता' या नावाने आहेत. पूर्वी मराठी चर्चमध्ये इंग्रजी गीतांची भाषांतरे पाश्चात्त्य चालींवर गात असत. कवी नारायण वामन टिळक यांनी हे चित्र बदलले. ते काही काळ नागपुरात राहिले होते. 1895 साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे त्यांनी अभंग व भजनांच्या वळणाची अनेक गीते लिहिली. ती आजही गायली जातात.

आता एक गंमत पाहा. उर्दूतील 'हम' या एका शब्दासाठी मराठीत दोन शब्द आहेत. प्रार्थना सांगणारा लोकांना म्हणतो, "आपण देवाचे आभार मानू या." येथे 'आपण' म्हणजे बोलणारा आणि ऐकणारेही. मग सगळे देवाला म्हणतात, "हे देवा, आम्ही तुझे आभार मानतो." येथे ऐकणारा देव आहे, म्हणून 'आपण' चालत नाही, 'आम्ही' हवे.

पण समजा, जमलेल्यांपैकी एकाच्या घरी त्याच आठवड्यात कोणी वारले आहे. त्याच्या तोंडून आभाराचा शब्द कसा निघणार? तो गप्प बसतो. शेजारचे लोक मात्र 'मी' म्हणत नाहीत, 'आम्ही' म्हणतात. त्या 'आम्ही'मध्ये तोही असतो. त्याचे दुःख लगेच जात नाही, पण तो एकटा राहत नाही. उद्या दुसऱ्या कोणावर दुःख आले, तर त्याच्या वतीने हा बोलेल.

हा 'आम्ही' मोठाही होऊ शकतो. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्या एकत्र आल्या आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. त्यांच्या उपासनेच्या रीती वेगवेगळ्या होत्या. तरीही त्या एक झाल्या.

मित्रांनो, तुम्ही दुआ मागता तेव्हा त्यात कोणाकोणाला सामावून घेता?

शब्दार्थ
स्तुती – प्रशंसा, तारीफ
आभार मानणे – शुक्रिया अदा करणे
सामुदायिक – सर्वांनी मिळून केलेले
मंडळी – येथे अर्थ : ख्रिस्ती भाविकांचा संघ
उपासना – इबादत

स्वाध्याय
1. स्तुती आणि आभार यांत काय फरक आहे?
2. दुःखी माणूस गप्प बसला, तरी तो प्रार्थनेत कसा सामील असतो?
3. 'आपण' किंवा 'आम्ही' लिहा :
(अ) चल सलीम, ...... दोघे खेळू या.
(आ) सर, ...... काल सहलीला गेलो होतो. तुम्ही का आला नाहीत?